गोजराक्काचा झरोका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते वाघजाळीत विचारू नये. तिथली म्हातारी माणसं "आमच्या पणजीच्या वेळची" असं सांगतात, आणि त्यांच्या पणजीनंही तिच्या पणजीचं नाव सांगून मान सोडवून घेतली होती.

वाघजाळी हे गाव खिंडीच्या तोंडाशी आहे. त्या काळी खिंडीत वाघ होता, असं म्हणतात. त्याच्या धाकानं लोकांनी घरं खांद्याला खांदा आणि पाठीला पाठ लावून बांधली. पुढे उघडा सोपा, त्यामागे माजघर, आणि माजघरामागे बाळंतिणीची खोली. या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून पलीकडच्या आळीतल्या बाळंतिणीची खोली असे. तिथं खिडकी पाडली असती तर एका अंधारानं दुसऱ्या अंधाराचं तोंड पाहिलं असतं, एवढंच. बाजूच्या भिंतीही शेजाऱ्यांच्या. तेव्हा त्या खोलीत उजेड यायचा तर सोप्यातून माजघरात आणि माजघरातून दाराच्या फटीनं आत, असा वाटेत थकत थकत यायचा, आणि शेवटच्या उंबऱ्यावर बसून राहायचा.

पुढे वाघ गेला. कोणी म्हणतं मेला, कोणी म्हणतं या गावाला कंटाळून गेला. भीती मात्र राहिली. तिला रोज शिकार लागत नाही.

वाघ गेल्यावर अंधाराला दुसरं कारण लागलं, आणि ते मिळायला वेळ लागला नाही. सटवाई सहाव्या दिवशी लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. वाघजाळीनं त्यात आपली भर घातली. सटवाई लाजरी आहे, तिला उजेडात लिहिता येत नाही, म्हणून बाळंतिणीच्या खोलीत सहा दिवस दिवा लावायचा नाही, असा नेम पडला. खोलीत फक्त शेगडीतले निखारे असत. त्यांवर ओवा-शेपा टाकून धुरी करत. तेवढ्या लालसर उजेडात बाई बाळंत होई आणि लेकरू जग पाही. जग दिसत नसे, पण त्याची तक्रार लेकरं रडून करतच असतात, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

या गावात गोजरा नावाची सुईण होती. गाव तिला गोजराक्का म्हणे. दोन्ही आळ्यांत क्वचितच एखादं माणूस असेल, ज्याला पहिला हात तिचा लागला नव्हता. तिच्या बोटांना डोळे आहेत, असं म्हणत. आडवं आलेलं मूल ती पोटावर नुसता हात फिरवून ओळखी. नाळ गळ्याभोवती आहे की खांद्यावर, ते काळोखात सांगे. हे बोलणं तिच्या कानावर येई आणि तिला ते आवडे. एखाद्या नव्या पोरीनं घाबरून "आक्का, दिवा लावा की" म्हटलं, तर गोजराक्का तिच्यावरच करवादायची.

"दिवा कुणाला पायजे? तुला का मला? मला नगं, आन् तुला बघायचं न्हाई. मग गप पड."

सगळ्या बायका हसत. पडलेली पोर हसत नसे, पण तिला विचारायची रीत नव्हती.

गोजराक्काला एकच लेक होती, ठकी. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईच सुईण, मग काळजी कसली, असं सासरकडच्यांनी म्हटलं आणि गाडी रिकामी परत नेली. दुपारच्या वेळी ठकी बाळंत झाली. मुलगी झाली. पोर मोठ्यानं रडली, वार नीट पडली, सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. गोजराक्कानं लेकीच्या अंगाला तेल लावलं, कढत पाण्यानं शेकलं, शेगडीत मूठभर ओवा टाकला आणि खोली धुरानं भरून गेली.

थोड्या वेळानं ठकी म्हणाली, "आई, खाली ओलं लागतंय गं."

गोजराक्कानं हात लावला. ओलं होतं, ऊनही होतं. आत्ताच तर ऊन पाण्यानं शेकलं होतं. बोटं तेलानं बुळबुळीत, नाक धुरीनं बंद.

"पाणी हाय बाई," ती म्हणाली. "नीज."

ठकी आईचं ऐकणारी होती. ती निजली.

बऱ्याच वेळानं, लेकीला कोरडं अंथरावं म्हणून, गोजराक्का खालची वाकळ ओढून सोप्यात घेऊन आली. बाहेर अजून ऊन होतं. उन्हात तिनं वाकळ उलगडली आणि मग ती पुष्कळ वेळ तशीच हातात धरून उभी राहिली.  ती आत गेली तेव्हा ठकीचे हात गार झाले होते. पोर तिच्या कुशीत हातपाय हलवत होती.

गाव आलं. गाव अशा वेळी येतंच, आणि ठरलेलं बोलून जातं. "सटवाईनं लिवलं हुतं, गोजराक्का. तुझ्या हातात काय हुतं?" गोजराक्का आपल्या हातांकडे बघत बसली. तिच्या हातात काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

ठकीला पोचवलं, रडणाऱ्यांनी रडून घेतलं. पोर शेजारच्या एका लेकुरवाळ्या बाईच्या दुधावर राहिली. पोरीची सहावी संध्याकाळ आली. त्या दिवशी सकाळी गोजराक्कानं पहार काढली. सोप्यात उखळ उपडं घातलं, त्यावर चढली, आणि सोपा व माजघर यांच्यामधल्या भिंतीला आढ्याखाली, हात पोचेल तितक्या वर, सुपाएवढं भोक पाडलं. मग उखळ माजघरात नेलं आणि त्याच्या समोरच्या भिंतीला, नेमकं त्याच रेषेत, दुसरं भोक पाडलं. भोकाचा खालचा काठ खोलीच्या बाजूला उतरता केला आणि त्यावर चुना फासला, म्हणजे आलेला उजेड घसरून खाली पडावा. सोपा मावळतीच्या तोंडाचा होता. दुपार कलली तसा सुईत दोरा ओवावा तसा उजेड एका भोकातून दुसऱ्यात गेला आणि बाळंतिणीच्या खोलीत उतरला. ते घर बांधल्यापासून तिथं पहिल्यांदाच कोळिष्टकं दिसली. कोळी बरेच होते. त्यांची पाचसहा पिढ्यांची वस्ती असावी.

सटवाईची पूजा मांडायला पाटलांची म्हातारी आई आली. गाव तिला आऊ म्हणे. गावातले सगळे नेम आऊच्या तोंडी होते, आणि जे नव्हते ते ती वेळेवर काढत असे. तिनं पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद ठेवला, बोरू ठेवला, आणि मग मान वर केली.

"गोजरे, हे काय?"

"भोक."

"ते दिसतंय मला."

"दिसतंय न्हवं? त्याच्यासाठीच पाडलंय."

आऊ पाटावरून उठली. "अगं, सटवाई उजेडात यायची न्हाई."

"म्हंजे आजवर अंधारात लिवत आली," गोजराक्का म्हणाली. तिचा आवाज साधा होता, भांडणाचा नव्हता. "आऊ, अंधारात तुमी तांदूळ तरी निवडाल का? खडा ऱ्हातोच. माझ्या ठकीचं तिनं चांगलंच लिवलं आसंल, पर दिसलं न्हाई, हात चुकला. माझा चुकला तसा. ह्या पोरीचं तरी बघून लिवू दे."

"आन् आलीच न्हाई तर?"

"तर न लिवलेलं बरं."

त्या संध्याकाळी सूर्य खिंडीत अडकून राहिला, असं म्हणतात. गुरं घरी वळली नाहीत, कोंबड्या खुराड्याबाहेर बसून राहिल्या, आणि पोरीच्या कपाळावरचा उजेड दिवेलागण होऊन गेली तरी हलला नाही. खिंड तशी रुंद आहे. तीत सूर्य अडकण्यासारखा नाही. पण गावानं पाहिलं म्हणतात, आणि गावाला खोटं पाडायला गावाबाहेरचा माणूस लागतो.

सकाळी आऊनं कागद पाहिला. कोरा होता. तो दर वेळी कोराच असे. पण अंधारात ठेवलेला कोरा कागद आणि उजेडात ठेवलेला कोरा कागद यांत वाघजाळी फरक करत असे. सटवाई आली नाही, असं आऊनं सांगितलं. पोरीचं कपाळ कोरं राहिलं. गोजराक्कानं तिचं नाव काय ठेवलं होतं ते आज कोणालाच आठवत नाही, कारण गावानं तिला कोरी म्हणायला सुरुवात केली ती तिथपासून.

पाटलांच्या सोप्यात बैठक बसली. गोजरानं नेम मोडला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कोणता मोडला, ते सापडेना. दिवा तिनं लावला नव्हता, आणि भोक न पाडण्याचा नेम बाहेरच्या भिंतींचा होता, वाघासाठी केलेला. आतल्या भिंतीला भोक पाडू नये असं कोणीच म्हणून ठेवलं नव्हतं, कारण असं कोणी करील हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी एकानं खरी अडचण सांगितली. भोकातून उजेड आत जातो, तसा आवाज बाहेर येणार. चार माणसं सोप्यात बसलेली असताना आतलं ओरडणं ऐकू यायला लागलं, तर बसायचं कसं?

हे गोजराक्काच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "भोक उंच हाय. नजर जात न्हाई, उजेड जातो. आवाजाचं म्हनाल, तर आमी ऐकतोच की. तुमी बी ऐका." आणि पुढे म्हणाली, "ज्या खोलीला झरोका न्हाई, त्या खोलीत आता गोजरा न्हाई."

गाव हसलं. बोटांना डोळे असलेल्या बाईला उजेड कशाला हवा, असा विनोद बरेच दिवस चालला. मग पाटलांची सून सुंद्रा अडली आणि विनोद थांबला.

गोजराक्काला बोलावणं गेलं. ती लगेच आली. येताना पहार घेऊन आली, आणि पाटलांच्या सोप्यात, खांबाला टेकून, पहार मांडीवर घेऊन बसली.

आऊ बाहेर आली. "गोजरे, आत चल. पोर तडफडती."

"आधी भिंत."

"बाई, माझी नातसून मरंल गं."

"माझी लेक मेली," गोजराक्का म्हणाली. "तवा तुमी म्हनालात, लिवलं हुतं. आता बी लिवलंच आसंल की."

ही गोष्ट सांगताना वाघजाळीतली माणसं इथं जरा घाईनं पुढे जातात. पुण्यवंत माणसानं असं बोलू नये, असं त्यांना वाटतं. पण ती असं बोलली, आणि आतून सुंद्राचं कण्हणं दाराच्या फटीतून येत होतं तरी उठली नाही. 

गड्यांना हाक मारली, तर गडी सटवाईच्या भीतीनं रानात पसार झाले. मग सुभानराव पाटील स्वतः उखळावर चढले. जन्मात त्यांनी हातात पानाच्या डब्याहून जड काही धरलं नव्हतं. पहार त्यांच्या पायावर पडली, माती पागोट्यात गेली, पहिलं भोक वाकडं झालं. दुसरं थोडं बरं झालं. सकाळची वेळ होती आणि पाटलांचा सोपा उगवतीचा. उजेड आत पडला तशी गोजराक्का उठली.

मग सुभानरावांनी जन्मात पहिल्यांदा, एक माणूस जगात कसं येतं ते ऐकलं. थोडा वेळ ते सोप्यात बसले. मग अंगणात गेले. मग वेशीपर्यंत गेले, आणि तिथंही ऐकू येतंय असं त्यांना वाटत राहिलं. सुंद्रा सुटली, नातू झाला. पाटील त्यानंतर सुनेशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, असं म्हणतात. सुंद्रा मात्र तसं म्हणत नसे.

पाटलांनी केलं, मग गावानं केलं. दोन्ही आळ्यांतल्या भिंती एकामागून एक फुटल्या. काही वर्षांतच गावात कोऱ्या कपाळाची पोरं इतकी झाली, की लिहिलेल्या कपाळाची माणसं उठून दिसू लागली. कोऱ्यांचं काही फारसं चांगलं झालं नाही. तीही आजारी पडत, भांडत, कर्ज काढत, नको त्याच्याशी लग्न करत. पण बाळंतिणी मरण्याचं प्रमाण कमी झालं. आऊ म्हणाली, सटवाईला दया आली. ती असं म्हणाली त्या अर्थी तिनं झरोका मान्य केला, असं गावानं समजून घेतलं.

पाटलांचा सोडला, तर प्रत्येक झरोका गोजराक्का स्वतः पाडी. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. मान वर करून ती पहार मारी, वरून माती पडे, मग काठाला चुना लावी आणि चुना डोळ्यांत जाई. बायका म्हणत, "आक्का, आता पुरे की. गवंड्याला सांगा." ती म्हणे, "गवंडी नीट पाडंल. पर त्याची लेक मेली न्हाई." हळूहळू तिला कमी दिसू लागलं, आणि मग दिसेनासं झालं. प्रत्येक घराला तिनं आपल्या डोळ्यांतला थोडा थोडा उजेड वाटून दिला, असं म्हणतात. चुन्यानं डोळे जातात. त्याला चमत्कार लागत नाही. पण गावाला लागतो, आणि गाव तिचं देणं असं फेडत असावं.

कोरी मोठी झाली. खिंडीपलीकडच्या दौलू नावाच्या चुनाभट्टीवाल्यानं तिला मागणी घातली. त्याला कोणीतरी सांगितलं, "पोरीच्या कपाळावर काय लिवलेलं न्हाई." तो म्हणाला, "माझ्या लिवलंय. त्यानं काय झालं?" लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला कोरी आजीकडे आली, त्याच घरात, त्याच खोलीत.

गोजराक्कानं सुईणपण कधीच सोडलं होतं. आंधळ्या सुईणीला कोण बोलावणार? पण कोरीसाठी ती दुसऱ्या कोणाला उंबऱ्याच्या आत घेईना. सोबतीला सुंद्रा बसली, आणि दौलू बाहेर सोप्यात थांबला. दुपारी कोरी बाळंत झाली. मुलगी झाली. पोर रडली, वार पडली. अंगाला तेल लावलं, कढत पाण्यानं शेकलं, धुरी झाली.

आणि कोरी म्हणाली, "आज्जे, खाली ओलं लागतंय."

 गोजराक्कानं हात पुढे केला आणि अर्ध्यात मागं घेतला.

"सुंद्रे," ती म्हणाली, "काय दिसतंय?"

"काय बी दिसत न्हाई, आक्का."

"का? झरोका हाय न्हवं?"

"आभाळ भरून आलंय. आत समदा काळोख हाय."

गोजराक्काला ते कळलेलंच नव्हतं. तिला सगळेच दिवस सारखे होते. इतक्या भिंती फोडल्या, आणि ज्या दिवशी उजेड हवा त्या दिवशी आभाळानं दार लावून घेतलं होतं. ती उठली, चाचपडत भिंतीशी गेली आणि झरोक्याकडे तोंड करून बाहेर ओरडली.

"दौलू! दिवा घे! उखळावर चढ, आन् झरोक्यात धर!"

बाळंतिणीच्या खोलीतून सोप्यातल्या पुरुषाला हाक जाण्याची ही पहिलीच वेळ. दौलू बाहेरगावचा, त्याला नेम माहीत नव्हते, म्हणून तो लगेच उठला. माजघरात उखळावर चढून त्यानं दिवा आतल्या झरोक्याच्या तोंडाशी धरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. दिवा खोलीबाहेर होता, फक्त उजेड आत होता. नेमाला तेवढी फट पुरते.

"आता काय दिसतंय?"

सुंद्रानं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "लाल."

गोजराक्कानं डोळ्याचं पातं लवण्याआधी रक्त थांबावं म्हणून कोरीच्या ओटीपोटावर मूठ रोवली, पोर ओढून तिच्या छातीला लावली, आणि मूठ दाबून धरली ती सोडली नाही. "काय दिसतंय?" ती विचारत राहिली. "लालच हाय," सुंद्रा सांगत राहिली. बाहेर पाऊस पडून गेला. दौलूचा हात भरून आला, त्यानं दिवा या हातातला त्या हातात घेतला, खाली केला नाही. शेवटी सुंद्रा म्हणाली, "आता पाणी दिसतंय, आक्का. नुसतं पाणी."

तरी म्हातारीनं मूठ काढली नाही. सुंद्रानं तिची बोटं एकेक करून सोडवली. गोजराक्काला तिनं भिंतीशी टेकवून बसवलं, झरोक्याखाली. तिथं बसून ती हळू आवाजात म्हणाली, "ठके, पाणीच हाय बाई. आता नीज." कोरीला वाटलं, आजी आपलं नाव चुकली. तिनं हूं म्हटलं.

थोड्या वेळानं पाहिलं तर गोजराक्का तिथं नव्हती, असं म्हणतात. दारात सुंद्रा बसली होती, ती तिला ओलांडून गेली नव्हती. दौलूनं सांगितलं, माझ्या हातातला दिवा एकदा वाऱ्यावाचून हलला. ती झरोक्यातून गेली, असं गाव मानतं. झरोका सुपाएवढा होता, पण म्हातारीही तोवर तेवढीच उरली होती.

आज वाघजाळीत स्लॅबची घरं आहेत. खोल्याखोल्यांत ट्यूबलाइट आहेत, आणि बायका बहुतेक तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होतात. तरी नवं घर बांधताना आतल्या खोलीच्या भिंतीला वर, छताखाली, सुपाएवढी जागा सोडतात. गवंडी बाहेरगावचा असला तर विचारतो, इथं पंखा बसवायचा का? त्याला "आक्काची जागा" एवढंच सांगतात.

आणि बाई लेकरू घेऊन घरी आली, की पहिल्या संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करतात. घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढतो, दिवा झरोक्यात धरतो, तोंड फिरवतो आणि मोठ्यानं विचारतो, "काय दिसतंय?" आतल्या बाईनं पाहून उत्तर द्यायचं असतं. न पाहता दिलेलं उत्तर चालत नाही. "पाणी" असं ऐकू आलं, की दिवा खाली येतो.

एकदोनदा दुसरं उत्तर आलं आहे. तेव्हा दारात जीप उभीच होती, कारण त्या संध्याकाळी ती उभी ठेवायची रीत आहे.

विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत फार वेळ जात नाही. पण तेवढ्या वेळात त्या घरात कोणी बोलत नाही, आणि सोप्यात कितीही म्हातारा माणूस असला, तरी बसून राहत नाही.